‘चालेल’ की ‘नको’? छोट्या बुकिंग संकेतस्थळांवरच्या कुकी-संमतीचा आढावा

भंडारा जिल्ह्याच्या पर्यटनाचा नकाशा गेल्या बारा-पंधरा वर्षांत बदलला. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले, २०१३ मध्ये कोका अभयारण्य जाहीर झाले आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. साकोलीहून नागझिरा जवळ, पवनीहून गोसीखुर्द धरणाचे पाणी जवळ. या सगळ्याच्या आजूबाजूला चार-सहा खोल्यांची निवासस्थाने, शेतघरे आणि छोटे रिसॉर्ट उभे राहिले. मोठ्या प्रवासी पोर्टलचे कमिशन वाचवायचे म्हणून यांतले बरेच जण आता स्वतःचे बुकिंग संकेतस्थळ करून घेतात.

अशा संकेतस्थळावर नागपूरचे एखादे कुटुंब रात्री मोबाइलवर खोली शोधत येते. पान उघडते आणि स्क्रीनचा खालचा अर्धा भाग एका पट्टीने झाकला जातो. मजकूर इंग्रजी. ‘ॲक्सेप्ट ऑल’ हे बटण मोठे आणि रंगीत, ‘सेटिंग्ज’ हा शब्द फिकट आणि बारीक. तारीख निवडायचा रकाना त्या पट्टीखाली दबलेला. पाहुणा मोठे बटण दाबतो आणि पुढे जातो. त्याने नेमके कशाला ‘हो’ म्हटले हे त्याला ठाऊक नसते, आणि अनेकदा मालकालाही नसते. ती पट्टी संकेतस्थळ बनवणाऱ्याने तयार साच्यातून आणून लावलेली असते.

ही पट्टी हवी का, हवी तर कशी, आणि नसेल तर चालेल का, या तीन प्रश्नांवर जगभर वीस वर्षे वाद सुरू आहे. भारताचा नवा कायदा आल्यापासून तो भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या छोट्या व्यावसायिकाच्या दारातही आला आहे. तो आज कुठवर आला आहे, हे या लेखात क्रमाने पाहू.

कुकी म्हणजे काय

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात एक बिल्ला मिळतो. त्यावर फक्त आकडा असतो. परत आल्यावर तो दाखवला की आपला जोड ओळखला जातो. कुकीचे काम असेच चालते. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवते आणि पुढच्या पानावर ती पाहून आपल्याला ओळखते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतले अभियंते लू मोन्टुली यांनी ही युक्ती काढली. ऑनलाइन दुकानातली खरेदीची टोपली लक्षात कशी ठेवायची, ही त्यामागची एक मुख्य अडचण होती. ‘शुक्रवार ते रविवार, दोन मोठे, एक मूल’ हे पैसे भरण्याच्या पानापर्यंत लक्षात ठेवणारी बुकिंगची कुकी त्या मूळ कामाचीच आहे.

अडचण दुसऱ्या जातीच्या कुकीपासून सुरू होते. समजा, जिल्ह्यातल्या प्रत्येक देवळाबाहेर, जत्रेत आणि बाजारात एकच माणूस बिल्ले वाटत उभा आहे आणि तुम्हाला सगळीकडे तोच आकडा देतो. तुमचे नाव माहीत नसले तरी तुम्ही कुठे कुठे गेलात हे त्याला कळते. जाहिरात कंपन्यांच्या तृतीय-पक्ष कुकींचे काम असे चालते.

आपल्या संकेतस्थळावर काय चालले आहे हे कोणताही मालक पाच मिनिटांत पाहू शकतो. संगणकावर क्रोमची गेस्ट खिडकी उघडायची, आपले संकेतस्थळ उघडायचे आणि पट्टीवरचे कोणतेही बटण न दाबता एफ-१२ ची कळ दाबायची. ‘ॲप्लिकेशन’ या भागात कुकींची यादी दिसते. छोट्या बुकिंग संकेतस्थळावर तिथे साधारणपणे पाच प्रकार सापडतात. पहिली सेशन कुकी, जिच्याशिवाय बुकिंग पुढे सरकत नाही. दुसरी भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सची. तिची मुदत मुळात दोन वर्षांची असते, पण क्रोम कोणतीही कुकी ४०० दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही. तिसरी मेटाच्या पिक्सेलची, म्हणजे जाहिरातीचा परिणाम मोजणाऱ्या छोट्या कोडची, ९० दिवसांची. इन्स्टाग्रामवर जाहिरात करताना कुणीतरी ती बसवलेली असते. चौथ्या, ‘कसे पोहोचाल’ या भागातल्या गूगल नकाशाने ठेवलेल्या. पाचव्या, पानात जोडलेल्या यूट्यूबवरच्या वाघाच्या व्हिडिओने आणलेल्या.

बटण दाबण्याआधीच दुसरी आणि तिसरी यादीत दिसत असतील, तर ती पट्टी नुसती शोभेची आहे. तिने विचारण्याआधीच काम होऊन गेलेले असते.

पट्टी आली कुठून

ही पट्टी युरोपची देणगी आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाने कुकींविषयी माहिती देणे आणि नाकारण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले. २००९ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकले. वापरकर्त्याने मागितलेल्या सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुकी सोडून बाकी सगळ्यांसाठी आधी संमती हवी, असा नियम झाला. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि संमती कशी असावी याचे निकष कडक झाले.

या नियमाची रचना ध्यानात ठेवायला हवी, कारण भारताशी तुलना करताना ती कामी येते. युरोपचा मूळ प्रश्न असा आहे: पाहुण्याच्या यंत्रात तुम्ही काही ठेवले का, किंवा तिथून काही वाचले का? ती माहिती वैयक्तिक आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने ‘प्लॅनेट-४९’ खटल्यात आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल दिला. २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, एवढीच तक्रार होती. त्याच महिन्यात म्युनिकच्या न्यायालयाने एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. तिथे तर कुकीही नव्हती. गूगलच्या सर्व्हरवरून अक्षरांचा फॉन्ट आणताना पाहुण्याचा आयपी पत्ता बाहेर गेला होता. कुकीचा वाद मोठ्या कंपन्यांपुरता राहत नाही, हे छोट्या चालकांना त्या निकालाने कळले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात आधी परवानगी घ्यावी लागत नाही, पण ‘माझी माहिती विकू नका’ असे सांगण्याचा हक्क आहे. एकीकडे ‘विचारल्याशिवाय घेऊ नका’, दुसरीकडे ‘नको म्हटले की थांबा’. या दोन टोकांमध्ये बाकीचे देश आपापली जागा शोधत आहेत.

भारताचा रस्ता

भारतात २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संवेदनशील माहितीपुरती संमती आणि गोपनीयता धोरण सांगितले होते. कुकींचा प्रश्न त्यात सुटलेला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला. २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नियमांनुसार सूचना आणि संमतीविषयीच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. आज मालकाच्या हाती असलेला वेळ हा तयारीचा आहे.

या कायद्यात ‘कुकी’ हा शब्दच नाही. त्याचा प्रश्न युरोपपेक्षा वेगळा आहे: ही माहिती एखाद्या व्यक्तीची ओळख पटवते का? पटवत असेल, तर ती वापरायला संमती किंवा कायद्याने मान्य केलेले दुसरे कारण हवे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्या अंगवळणी पडलेले सूत्र इथे चालत नाही. पान खाली सरकवले म्हणजे ‘हो’ म्हटले, असे धरता येणार नाही. शिवाय संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे.

बुकिंग करणाऱ्यासाठी दोन तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत. पाहुण्याने बुकिंगसाठी आपणहून दिलेले नाव आणि फोन नंबर त्याच कामासाठी वापरायला वेगळी संमती लागत नाही. पण युरोपात ‘वैध हितसंबंध’ म्हणून व्यावसायिकाला जो आधार मिळतो, तो आपल्या कायद्यात त्या रूपात नाही. त्यामुळे मागोवा घेणाऱ्या कुकीतली माहिती वैयक्तिक ठरली, तर संमतीशिवाय दुसरा आधार सापडणे कठीण आहे.

भाषेची तरतूद तर थेट आपल्या कामाची आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या २२ भाषांत मराठी आहे.

याला समांतर, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि फसव्या रचनेचे १३ प्रकार सांगितले. सतत टोचत राहणे, गोंधळात पाडणारा प्रश्न विचारणे, एक बटण उठावदार करून दुसरे झाकणे हे त्यांत येते. कुकीची पट्टी हा त्यांचा मुख्य विषय नसला, तरी पट्टीची रचना त्या निकषांवर तपासता येते.

चार भूमिका

पहिली भूमिका हक्कांची. माझ्या फोनमध्ये काही ठेवायचे, माझ्यावर नजर ठेवायची, तर आधी विचारा, हे तत्त्व साधे आहे आणि विचारण्याचा त्रास हे ते सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. या बाजूचे लोक म्हणतात की दोष पट्टीचा नाही, पट्टी मुद्दाम वाईट करणाऱ्यांचा आहे. त्यांच्याकडे पुरावाही आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रिटनमधल्या संकेतस्थळांवरच्या तयार संमती-पट्ट्या तपासल्या गेल्या, तेव्हा किमान कायदेशीर अटी पाळणाऱ्या पट्ट्या फक्त ११.८ टक्के निघाल्या. पहिल्या पानावरून नकाराचे बटण काढले की होकार २२ ते २३ टक्केबिंदूंनी वाढतो, असेही त्यात दिसले.

दुसरी भूमिका थकव्याची. दिवसातून वीस वेळा विचारलेल्या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, तो प्रश्न बाजूला सारतो. मग अशा होकाराला संमती म्हणायचे का? या मताचे लोक गोपनीयतेच्या विरोधात नाहीत. पट्टीने जबाबदारी कंपनीवरून उचलून ग्राहकावर टाकली, ही त्यांची तक्रार आहे. काही गोष्टी संमती असो-नसो बंदच कराव्यात आणि निरुपद्रवी गोष्टींसाठी विचारूच नये, असे ते सुचवतात. ब्रिटनच्या २०२५ च्या कायद्याने केवळ आकडेवारीसाठीच्या काही कुकींना संमतीतून सूट देऊन याच दिशेने पाऊल टाकले.

तिसरी भूमिका तंत्रज्ञानाची. प्रत्येक दुकानाने वेगळे विचारण्यापेक्षा ब्राउझरमध्ये एकदा सांगितलेली पसंती सगळीकडे चालावी. ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून तृतीय-पक्ष कुकी पूर्ण अडवल्या. गूगलने त्याच वर्षी तशी घोषणा केली, पण अनेकदा मुदत पुढे ढकलून एप्रिल २०२५ मध्ये तो बेत सोडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने मांडलेल्या सुधारणांच्या प्रस्तावातही ब्राउझरमधून पसंती कळवण्याची कल्पना आहे. या वाटेवरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. ज्या कंपनीचा मुख्य धंदा जाहिरातीचा, तिच्याच ब्राउझरच्या हाती किल्ली द्यायची का?

चौथी भूमिका छोट्या व्यावसायिकाची. स्वयंपाकाला माणूस बघणे, पाण्याची मोटर दुरुस्त करणे आणि जंगल सफारीच्या वेळा पाहुण्यांना कळवणे हे सगळे एकटा सांभाळणाऱ्या मालकाकडे वकील नसतो. नियम मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून केले जातात आणि त्यांचा भार लहानांवर जास्त पडतो, असे ही बाजू म्हणते. कायद्यात काही वर्गांना, त्यांत स्टार्टअपनाही, ठरावीक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. पण व्यवसाय लहान आहे म्हणून तो आपोआप सुटत नाही. २५० कोटी रुपयांच्या दंडाचा आकडा ऐकून छाती दडपते, पण ती सुरक्षेतल्या हलगर्जीसाठीची कमाल मर्यादा आहे. दंड ठरवताना चुकीचे स्वरूप, गांभीर्य आणि प्रमाण पाहणे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळावर बंधनकारक आहे.

छोट्या संकेतस्थळापुढचे पर्याय

व्यवहारात तीन वाटा दिसतात. पहिली, तयार पट्टी लावायची आणि सगळे आहे तसे ठेवायचे. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कच्ची. दुसरी, संमती सांभाळणारे साधन नीट जोडायचे, म्हणजे होकार मिळेपर्यंत ॲनालिटिक्स आणि पिक्सेल खरोखर सुरू होणार नाहीत, आणि होकार-नकाराची नोंद राहील. याला थोडा खर्च आणि जाणकार माणूस लागतो. तिसरी, कुकी कमी करायच्या. नकाशाच्या जागी साधे चित्र आणि ‘रस्ता पाहा’ ही लिंक द्यायची. व्हिडिओ दाबल्यावरच सुरू होईल असा ठेवायचा. जाहिरात चालू नसेल तर पिक्सेल काढून टाकायचा. भेटी मोजायला कुकी न वापरणारे साधन घ्यायचे. मग उरते ती बुकिंगची सेशन कुकी. तिच्यासाठी युरोपच्या कडक नियमांतही परवानगी लागत नाही, गोपनीयता धोरणात दोन ओळी पुरतात.

विचारायचेच असेल, तर भाषा हा निम्मा प्रश्न आहे. ‘आम्ही आपला ब्राउझिंग अनुभव वर्धित करण्यासाठी कुकीज वापरतो’ असे यंत्राने केलेले भाषांतर मराठी लिपीत असते, पण ते वाचून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘किती लोक आमचे पान पाहतात हे मोजण्यासाठी तुमच्या फोनमध्ये गूगलची एक नोंद ठेवायची आहे. तुम्ही नको म्हणालात तरी बुकिंग होईल.’ खाली एकाच आकाराची, एकाच रंगाची दोन बटणे: ‘चालेल’ आणि ‘नको’. हे दोन शब्द आपण भाजी घेताना, गाडी ठरवताना, पाहुण्याला चहा विचारताना रोज वापरतो. त्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

परदेशी पाहुण्यांचा मुद्दा वारंवार निघतो. संकेतस्थळ जर्मनीत उघडते, एवढ्याने जीडीपीआर लागू होत नाही. तिथल्या लोकांना उद्देशून सेवा देऊ केली आहे का, हे पाहिले जाते. दर रुपयांत आणि मजकूर मराठी-इंग्रजीत असेल तर तसा हेतू सहसा दिसत नाही. दर युरोत, पान जर्मन भाषेत आणि जाहिरात जर्मनीत असेल तर चित्र बदलते. तिथल्या लोकांसाठी गूगलवर जाहिरात करणाऱ्याला मार्च २०२४ पासून गूगलच्याच संमतीविषयक अटीही पाळाव्या लागतात.

आणि एक गोष्ट प्रमाणात ठेवायला हवी. पाहुण्याची सगळ्यात नाजूक माहिती बहुतेक वेळा कुकीत नसते. ती व्हॉट्सॲपवर मागवलेल्या आधार कार्डाच्या फोटोत असते. स्वागतकक्षातली कागदी नोंदवही कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, पण त्याच कार्डाचा फोटो फोनमध्ये आला की तो डिजिटल वैयक्तिक माहिती होतो. तो किती दिवस ठेवायचा, कोण पाहतो, कधी पुसायचा, हे ठरवणे पट्टीच्या रंगापेक्षा तातडीचे आहे.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न व्याख्येचा. नाव-गाव नसलेला, यादृच्छिक आकड्यांचा कुकी-क्रमांक भारतीय कायद्याने वैयक्तिक माहिती ठरतो का? युरोपात बहुतांशी ‘हो’ म्हणतात. इथे डेटा संरक्षण मंडळाच्या आणि न्यायालयांच्या निर्णयांतून ते स्पष्ट होईल.

दुसरा, ‘संमती व्यवस्थापक’ या शब्दाचा. कायद्यातला संमती व्यवस्थापक म्हणजे मंडळाकडे नोंदलेली, नागरिकाच्या वतीने त्याच्या संमत्या सांभाळणारी कंपनी. संकेतस्थळावर पट्टी दाखवणारे सॉफ्टवेअर वेगळे. बाजारात दोन्हींना एकच नाव वापरले जाते आणि गोंधळ होतो. या दोघांची सांगड कशी बसेल हे ठरायचे आहे.

तिसरा मुलांचा. आपल्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल आहे आणि मुलांचा मागोवा घेण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई आहे. जादा गादीचा दर ठरवायला आपण मुलांची वये विचारतो. घरचा एकच फोन कधी आई वापरते, कधी मुलगी. पडद्यामागे कोण आहे हे छोट्या संकेतस्थळाने कसे ओळखायचे?

चौथा जबाबदारीचा. संकेतस्थळ नागपूरच्या विकसकाने बनवलेले, बुकिंगचे साधन परदेशी कंपनीचे, पिक्सेल जाहिरात पाहणाऱ्या मुलाने बसवलेला. कायद्याच्या नजरेत माहिती का आणि कशी वापरायची हे ठरवणारा मालक उत्तरदायी असतो. पण पिक्सेल बसवला आहे हेच त्याला माहीत नसेल, तर त्याने ते ‘ठरवले’ असे म्हणायचे का?

या चारही प्रश्नांची उत्तरे यायला वेळ लागेल, आणि त्यांपैकी एकही भंडाऱ्यात ठरणार नाही. एक काम मात्र इथेच करता येते. एफ-१२ दाबून दिसलेली यादी कागदावर उतरवायची आणि प्रत्येक नावापुढे ती कुकी कशासाठी आहे हे एका ओळीत, मराठीत लिहायचे. ज्या कुकीपुढे ओळ लिहिता येते, तिच्याबद्दल पाहुण्याला विचारता येईल. जिच्यापुढची जागा रिकामी राहते, तिच्याविषयी विकसकाला फोन करून ‘ही नको’ म्हणायला कोणत्याही तारखेची वाट पाहावी लागत नाही.